शून्य घालून पाहिले

२ जून

धाकट्यास,

काल सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर शाळेत गेलो. निकालाचा दिवस होता. कुलूप काढण्याआधी पायरीवर उभा राहून हात जोडले, दरवर्षी जोडतो तसे. मागितलं काही नाही. जे झालं ते गोड मानून घे, एवढंच म्हटलं. शिपायाने खळ करून ठेवली होती. ती मी सूचनाफलकावर फासली आणि टपालाने आलेला कागद उलगडला.

माझ्या वर्गातल्या एकाही मुलापुढे गुण नव्हते. वरून खालपर्यंत प्रत्येकापुढे एकच शब्द: ‘राखून’. तळाशी कारण: गणित, प्रश्न चौथा, सामूहिक कॉपीचा संशय. आणि त्याखाली परीक्षा समितीच्या अध्यक्षांची सही.

सही मी ओळखली. पाटीवर सही करायला तुला मीच शिकवलं होतं. शेवटच्या अक्षराची शेपटी तू अजून तशीच वर उडवतोस.

मुलं फाटकाशी येऊन उभी होती. खळ वाळत चालली होती. मी कागद चिकटवला आणि बाजूला झालो. कुणी रडलं नाही. रडायला निदान नापास तरी व्हावं लागतं.

मग एकेकाला विचारलं, चौथ्या प्रश्नाला काय लिहिलंत? प्रश्न होता, ‘७ − ३क्ष ≤ १९, तर क्षच्या किमती काढा.’ सगळ्यांनी लिहिलंय ‘−४ ≤ क्ष’. आणि खाली एक ओळ: ‘शून्य घालून पाहिले, खरे आले.’ तुमच्या उत्तरसूचीत असणार ‘क्ष ≥ −४’. अरे, या दोन गोष्टी आहेत का? तू माझ्यापेक्षा मोठा आहेस आणि मी तुझ्यापेक्षा लहान आहे, यात बातमी एकच असते. (हे पदाबद्दल बोलतोय. वयाचं अजून उलटं आहे.)

ही पद्धत कुठली, हे तुझ्या समितीत कुणाला ठाऊक नसेल. तुला आहे. ती शिकवणाऱ्या माणसाच्या मांडीवर बसून तू जेवलायस.

समितीला दोन ओळी लिही आणि निकाल मोकळा कर. आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण आज हात उचलत नाही.

— थोरला

*

९ जून

श्री. गणित शिक्षक यांस,

समितीच्या कामकाजाबाबत अध्यक्षांच्या घरच्या पत्त्यावर पत्रव्यवहार करणे नियमाला धरून नाही. यापुढे कार्यालयाच्या पत्त्यावर लिहावे.

हे कार्यालयाचं झालं. आता खालचं माझं.

दादा, तू मास्तर आहेस, मुलांचे कागद आयुष्यभर तपासलेस. समज, तुझ्यापुढे एक गठ्ठा आला. त्यात एकूण एक मुलाने क्ष उजवीकडे ठेवलाय. तशीच रेघ, रेघेवर तसाच काळा ठिपका, आणि खाली तेच वाक्य, शब्दाचाही फरक नाही. ‘शून्य घालून पाहिले.’ जसा काही मंत्र म्हणायला बसवलं होतं. तू काय म्हणाला असतास? परीक्षक तो गठ्ठा घेऊन आला तेव्हा हसत होता. बाकीच्या सदस्यांना दाखवल्यावर कुणी हसलं नाही. “फळ्यावर लिहून दिलंय,” हे वाक्य माझं नाही, त्यांचं. मी फक्त सही केली.

आणि त्या प्रश्नाला परीक्षकाने शून्य गुण का दिले, तर सूचना छापील आहे: अंतिम उत्तरात क्ष डावीकडे असावा. परीक्षकापुढे हजारो कागद असतात. तो चिन्ह बघतो आणि पुढे जातो. ज्याला परीक्षा द्यायची त्याने परीक्षेच्या रीतीने लिहावं. एवढं साधं आहे.

‘दोन ओळी लिही’ म्हणतोस. काय लिहू? की ही पद्धत माझ्या वडिलांची आहे? त्यावर पहिला प्रश्न येईल, मग तो मास्तर तुमचा कोण? ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि का सांगावं हेही मला कळत नाही. या खुर्चीकडे डोळे लावून बसलेले इथे कमी नाहीत. भावाला वाचवणारा अध्यक्ष, ही बातमी त्यांना आयती मिळेल.

तू आप्पांचा फळा डोक्यावर घेऊन जन्मभर एका खोलीत उभा राहिलास. हौस तुझी. पण त्याची सावली मुलांवर पडली तर दोष सूर्याला देऊ नकोस. फळ्याच्या वर आप्पांनी रंगवलेली ती ओळ अजून असेलच. आधी ती खरवडून टाक.

नमस्कार समजून घे.

— धाकटा

*

१४ जून

अध्यक्षमहोदय,

घरच्याच पत्त्यावर लिहितोय. कार्यालयाला आई-बाप नसतात, तुला होते.

ओळ आहे. तुला आठवत नसेल तर उतरवून देतो: ‘उण्याने भागू नका. उणं पलीकडे न्या. मग शून्य घालून पाहा.’ आप्पांनी स्टुलावर उभं राहून रंगवली तेव्हा खालून डबा मी धरला होता आणि रंग तू सांडला होतास.

ही ओळ का लिहावी लागली, तेही विसरलास? उण्या संख्येने दोन्ही बाजूंना भागलं की चिन्हाचं तोंड फिरतं. मोठ्याचं लहान होतं. हे पोरांच्या लक्षात राहत नाही. कुणाच्याच राहत नाही. सर्वांत जास्त विसरायचा तो कोण, सांगू? तू. ‘चिन्ह फिरवायचं राहिलं’ म्हणून तू इतक्यांदा रडलास की आप्पांनी तुझ्यासाठी ही वाट काढली. उणे तीन क्ष इथे टोचतोय ना, मग त्याला उचल आणि पलीकडे ने. तिकडे तो अधिक होतो. ७ ≤ १९ + ३क्ष. १९ इकडे आण. −१२ ≤ ३क्ष. आता तीनने भाग, चिन्हाला हात लावायची गरजच नाही. −४ ≤ क्ष. क्ष उजवीकडे राहिला तर राहिला. पाहुणा डाव्या खुर्चीवर बसला काय नि उजव्या, जेवायला तोच असतो.

आणि वर शून्य घालून बघायचं. शून्य घातलं की मूळ गणितात ७ ≤ १९, खरं. उत्तरात −४ ≤ ०, तेही खरं. दोघांचं जमलं. चिन्ह चुकलं असतं तर इथेच पकडलं गेलं असतं. तुझ्या परीक्षकाला मंत्र वाटला तो पडताळा आहे. पिढ्यान्‌पिढ्या एका विहिरीचं पाणी पिणाऱ्यांची चव सारखी असते, त्याला चोरी म्हणत नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आमच्या सुताराची मुलगी या वर्गात आहे. तिला परिचारिकेच्या शिक्षणाला जायचंय. यादीत नाव आलंय, पण गुणपत्रिका दाखवल्याशिवाय घेणार नाहीत, आणि या महिन्यानंतरचा महिना संपला की यादी बंद. काल ती आली.

“गुरुजी, माझं उत्तर चुकलं का?”

“नाही.”

“मग शून्य कशाचं?”

“उजवीकडे लिहिलं म्हणून.”

ती म्हणाली, “मग तुम्ही आम्हाला डावीकडे लिहायला का नाही शिकवलं?”

मला उत्तर सुचलं नाही. तिच्या बापाला मात्र बरंच सुचलं. तो पायरीवरच उभा होता, आत आला नाही. “गुरुजी, दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तुम्ही एक, ते साहेब दुसरे, आणि लाभाच्या नावाने तिसऱ्याच्या हातात धुपाटणंही नाही. तुमचा हट्ट तुमच्यापाशी ठेवा. माझी पोर मला फुकट घालवायची नाही.”

ते साहेब कोण, हे मी त्याला सांगितलं नाही. गावात कुणालाच सांगितलं नाही. तुला वाचवायला नव्हे, मला लाज वाटली म्हणून.

तुला गावची लाज वाटते हे मी केव्हाच ओळखलंय. वाटू दे. पण त्या पोरीच्या जिवावर नको.

— थोरला

*

२० जून

दादा,

लाज वाटते म्हणे. तुला काय माहीत मला कशाचं काय वाटतं. देवापुढे डोळे मिटून बसणाऱ्यांना दुसऱ्याच्या मनातलं दिसतं अशी समजूत असते. डोळे उघडून बघत जा.

भांडत बसायला वेळ नाही. एक मार्ग काढलाय, तोही कुणाकुणाला गळ घालून. सोबतच्या मजकुराखाली सही करून पाठव. मजकूर असा की चौथ्या प्रश्नाचं उत्तर परीक्षेच्या वेळी तू मुलांना सांगितलंस, मुलांचा दोष नाही. तेवढं आलं की प्रश्न रद्द करून बाकीचे गुण देता येतील. निकाल आठवड्यात हातात. तुझ्या सुताराच्या मुलीची यादी गाठता येईल.

तुझं काय होईल? वर्ग काढून घेतील. शाळा नाही घेणार, ते मी बघतो. कपाट सांभाळायला, घंटा द्यायला कुणीतरी लागतंच. नाहीतरी पन्नाशीला आलास. तू त्यागाच्या गोष्टी मुलांना नेहमी सांगतोस, स्वतः करायची वेळ आली तर तोंड फिरवू नकोस.

खोटं लिहायचं कसं, असं तुझ्या मनात येणार. तर ऐक. तुझ्या त्या खऱ्याने वर्ग अडकलाय आणि या खोट्याने सुटतोय. कुठलं मोठं, तू ठरव. चिन्ह घालायला तू हुशार आहेस.

— धाकटा

*

२४ जून

धाकट्यास,

तुझा कागद मिळाला. दोन दिवस माझ्याजवळ होता.

खरं सांगतो, पहिल्या दिवशी मी पेन काढलं होतं. ती पोर रोज शाळेवरून पाणी घेऊन जाते आणि मान वर करत नाही. सही केली तर तिचं होतं, माझं जातं. हिशेब सोपा वाटला. मोठेपणाही वाटला, तो तर फारच. आणि तिथेच मला शंका आली. एवढं गोड लागतंय त्यात काहीतरी भेसळ असणार.

रोजच्यासारखा प्रार्थनेला बसलो. मन काही लागेना. शेवटी आप्पांचंच केलं. या प्रकरणात क्षच्या जागी मीच बसलोय ना, मग माझ्या जागी शून्य घालून पाहिलं. समजा मी नाहीच. माझी नोकरी नाही, माझा हट्ट नाही, तुझ्याशी नातं नाही. मग काय उरतं? मुलांनी उत्तर लिहिलं, ते बरोबर आहे. माझ्याशिवायही बरोबर आहे. तुझ्या मजकुराखाली मी सही केली की ते माझ्यामुळे आलेलं होतं. म्हणजे मी नसताना जे खरं होतं, ते मी आल्यामुळे खोटं होतं. असलं उत्तर मी मुलांना फुलीच मारतो.

कागद सहीविना परत पाठवतोय. घंटा द्यायला आमचा शिपाई आहे, त्याच्या पोटावर मला आणू नकोस.

त्याऐवजी माझी मागणी. मुलांना बोलवा, एकेकाला आत घ्या, प्रत्येकाला नवं गणित द्या. मी येणार नाही. फाटकाशीसुद्धा उभा राहणार नाही. मी तिथे येऊन अध्यक्ष कुणाचा मुलगा हे मोठ्याने सांगू शकलो असतो. ते करणार नाही. माझी किंमत शून्य धरा आणि बघा काय येतं.

कार्यालयाच्या पत्त्यावर लिहावं, असं तूच बजावलं होतंस. म्हणून या मागणीची प्रत सर्व सदस्यांच्या नावे कार्यालयाला रवाना केली आहे. त्यात आपल्या नात्याचा उल्लेख नाही. नियमाला धरून आहे ना?

— थोरला

*

१ जुलै

दादा,

अभिनंदन. साधा, भोळा, देवभक्त माणूस! पाठीत कुठे मारायचं हे बरोबर ठाऊक असतं तुम्हा लोकांना.

सदस्यांनी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. एकाला तर ‘किंमत शून्य धरा’ इतकं आवडलं की त्याने दोनदा वाचलं. सुनावणी ठरली आहे, तारीख शाळेला कळवली आहे. मुलं येतील, सोबत एखादा पालक. तू नाही.

एकही पोर अडलं, एकाने जरी ‘गुरुजींनी सांगितलं’ म्हटलं, तर वर्गाचा निकाल रद्द होईल आणि त्यावर सही माझीच असेल. या वेळी शेपटी आणखी वर उडवीन.

— अध्यक्ष

*

१२ जुलै

दादा,

तुला बातमी मुलांकडून कळली असेल. त्यांना जे दिसलं नाही ते मी लिहितोय, कारण तू ते कुणाकडून तरी ऐकून त्यावर प्रवचन करशील, त्यापेक्षा माझ्याकडून घे.

मोठं टेबल, त्यावर काच, काचेखाली जुनी वेळापत्रकं. टेबलापलीकडे आम्ही सगळे, मागे फळा. पोरं एकेक करून आत आली. प्रत्येकाला वेगळं गणित. प्रत्येकाने तसंच सोडवलं, उणं पलीकडे नेऊन, आणि खाली तीच ओळ. चौथ्या मुलानंतर सदस्य एकमेकांकडे बघायला लागले. कॉपी कुणाची करणार? खोलीत फळा पुसलेला होता.

मग तुझी ती सुताराची मुलगी. तिला दिलं होतं २ − ५क्ष > १७. तिने फळ्यावर लिहिलं −३ > क्ष. खाली लिहिलं, ‘शून्य घालून पाहिले, खोटे आले.’

आमच्यातल्या एकाला हर्ष झाला. “सापडलं! खोटं आलं म्हणजे गणित चुकलं ना?”

“नाही सर,” ती म्हणाली. “दोनपेक्षा सतरा लहान नाहीत, म्हणून खोटं. आणि शून्य माझ्या उत्तरातही बसत नाही. दोन्हीकडे खोटंच यायला पाहिजे. एकीकडे खरं आलं असतं तर चुकलं असतं.”

“पण क्ष डावीकडे का लिहीत नाहीस?”

“कुणी सांगितलं नाही.”

समितीत एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, कारण त्यांच्यापुढे बाकीचे आपोआप लहान होतात. त्या म्हणाल्या, “अध्यक्ष, तुम्हीच दाखवा बघू नीट रीत. पोरीला कळेल, आम्हालाही कळेल.” आणि फळ्यावर घातलं: १० − ४क्ष < २.

मी उठलो. मनात सरळ होतं: दहा पलीकडे, उणे चारने भाग, चिन्ह फिरव, क्ष डावीकडे. इतकी वर्षं हेच शिकवलंय, हेच छापलंय. पण पाठीमागे ती पोर उभी होती, तिचं गणित अजून फळ्याच्या कोपऱ्यात होतं, आणि हातात खडू होता. पहिल्याच ओळीला हात ४क्ष उचलून पलीकडे गेला. मी बघत राहिलो. १० < २ + ४क्ष. ८ < ४क्ष. २ < क्ष.

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. ‘मुलीच्या पद्धतीनेच करून दाखवलं’ म्हटलं असतं. थांबलो नाही. खाली लिहिलं, आणि आप्पांच्या सारखं एका दमात लिहिलं: ‘शून्य घालून पाहिले, खोटे आले.’

ती मुलगी म्हणाली, “सर, तुम्ही पण आमच्याच शाळेतले?”

तू पढवलं होतंस तिला. नसशील तर तसं लिही, मी विश्वास ठेवणार नाही.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “अध्यक्ष, ती काहीतरी विचारतेय.”

मी हो म्हणालो. मग शाळा कुठली, मास्तर कोण, सगळं. शेवटी एक सदस्य म्हणाला, “म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.” मुलांचे निकाल मोकळे झाले, चौथ्या प्रश्नाचे पूर्ण गुण धरून. ती डावीकडची सूचना काढून टाकायचं ठरलं. अध्यक्षपद मी सोडलं. ‘सोडायला लावलं’ असं म्हणणारे म्हणोत.

ती सूचना यंदा मीच घातली होती, दादा. समितीने नाही. आता विचारशील का.

शहरात शिकायला आलो तेव्हा पहिल्याच चाचणीत मी असं उत्तर लिहिलं. प्राध्यापकांनी माझा कागद वर्गापुढे धरला. “हे महाशय उत्तर मागून पुढे लिहितात. यांच्या गावात घरात शिरतात ते परसदारानेच शिरत असतील.” सगळे हसले. त्या दिवसापासून माझं नाव पडलं उजव्या. खानावळीत उजव्या, ग्रंथालयात उजव्या. मी आप्पांना पत्र लिहिलं. तुला ते माहीत नाही, त्यांनी कुणाला दाखवलं नसणार. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: ‘तुझे उत्तर बरोबर आहे, लक्ष देऊ नकोस.’

मला उत्तर बरोबर आहे हे ठाऊक होतं रे. मला विचारायचं होतं की आता करू काय. ‘बाळ, शेवटी एकदा पलटून वाच आणि तसं लिही,’ एवढं लिहायला त्यांचं काय गेलं असतं? मी ठरवलं, कुठल्याही पोराला पुन्हा उजव्या म्हणू देणार नाही. सगळ्यांना डावीकडे लिहायला लावीन. लावलं. आणि शेवटी शून्य कुणाला मिळालं, तर आपल्याच शाळेला.

लाज गावची नव्हती. तुला दिसलं ते चुकीचं दिसलं.

भिंतीवरची ओळ काढ. पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर मी नसेन, आणि जो असेल त्याचा हात आप्पांच्या हाताखाली तयार झालेला नसेल.

— धाकटा

*

२२ जुलै

धाकट्यास,

मी पोरीला पढवलं नव्हतं. विश्वास ठेवू नकोस म्हणतोस, नको ठेवूस. त्या दिवशी मी वर्गात एकटा बसलो होतो. ती परत आली तेव्हा मला म्हणाली, “तिथले मोठे साहेब आपल्यासारखंच गणित करतात.” तू माझा कोण, हे मी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. तिच्या बापाने ते ऐकलं आणि हातातली पट्टी खाली ठेवली. म्हणाला, “म्हणजे भांडण घरातलंच होतं होय. आणि आम्ही मधल्यामध्ये रंध्याखाली.” मी त्याला दोन शब्द बोलणार होतो, पण तो खोटं बोलला नव्हता.

ती गेली. यादी बंद व्हायच्या आधी पोचली. बापाने तिच्यासाठी पेटी केली आहे, कोपरे असे जोडलेत की सांध्यात नख जात नाही. माझ्या पाया पडायला वाकली तर मी पाय मागे घेतले. डाव्या-उजव्याच्या पायी पोरीची जागा जात होती आणि ती मला नमस्कार करणार, हे मला पेलणारं नव्हतं.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. वाईट वाटलं. राग मात्र गेलेला नाही, हेही सांगून ठेवतो. दोन्ही एका छातीत राहू शकतात, देवाने जागा भरपूर ठेवलीय. उजव्या म्हणून हसले ते शहरातले. फुली मारलीस ती आमच्या मुलांवर. तुझ्या पायातला काटा तू त्यांच्या वाटेत रोवलास आणि त्याला सूचना म्हटलंस. आणि तो खोट्या कबुलीचा कागद! खुर्ची गेली म्हणून मला हळहळ वाटावी अशी अपेक्षा असेल, तर वाटत नाही. आप्पा चुकले असं माझ्याकडून वदवून घ्यायचं असेल, तर ते होणार नाही. त्यांचं गणित बरोबर होतं.

पण तू एक विचारलंस आणि ती पोरही तेच विचारून गेली होती. मग तुम्ही डावीकडे लिहायला का नाही शिकवलं? त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. नंतर प्रार्थनेला बसलो की तेच पुढे येऊन उभं राहायचं. मी इतकी वर्षं आप्पांची ओळ मुलांकडून म्हणून घेतली, आणि ती ओळ आहे म्हणून तिच्यापुढे जाऊन पाहिलं नाही. आप्पा आपल्याला शिकवत होते तेव्हा उत्तर तपासणारेही तेच होते. त्यांना कुठूनही वाचता यायचं. आपली पोरं फाटकाबाहेर जातात तेव्हा वाचणारा दुसराच असतो.

तू खरवड म्हणालास. पहिल्यांदा, तुझ्या पहिल्या पत्रात, हे वाचून मला तुझ्या श्रीमुखात द्यावीशी वाटली होती. आताही त्या ओळीला खरवडणीचं पातं लावायची माझी छाती नाही आणि इच्छाही नाही. रोज ठरवायचो, रोज पुढे ढकलायचो. फळा पुसायचा, वर बघायचं, खाली बघायचं.

आज सकाळी पुन्हा लवकर गेलो. सुताराकडून पेटीला लावून उरलेला रंग मागून आणला होता. त्याने दिला आणि वर म्हणाला, “गुरुजी, सांडू नका.” त्याला काय माहीत आपल्या घरात सांडण्याची परंपरा कुणाची. पायरीवर हात जोडले. कुलूप काढलं. आप्पांचं स्टूल अजून आहे, एक पाय आखूड झालाय, खाली पाटी सरकवली. आप्पांच्या ओळीला हात लावला नाही. तिच्याखाली, माझ्या अक्षरात, लिहिलं: ‘शेवटी उत्तर दोन्हीकडून वाचा, आणि क्षपासून लिहा.’

अक्षर वाकडं आलंय. आप्पांच्या शेजारी आणखीच वाकडं दिसतं. खाली डबा धरायला कुणी नव्हतं.

हे तुझ्यासाठी केलेलं नाही, तसं समजू नकोस. मुलांना रंग वाळेपर्यंत बाहेर थांबवलं. मग आत घेतलं आणि वर बोट करून पहिल्यांदा चारही वाक्यं म्हणून घेतली.

— दादा